तंत्रज्ञानाचं वेड असलेला जोडीदार: नाशकात शोधायचा कसा?

वेदवती_ना
नमस्कार मंडळी. बायोडेटात 'छंद' नावाचा रकाना असतो आणि त्यात बहुतेकांचं एकच असतं: वाचन, संगीत, प्रवास. मला ज्याला तंत्रज्ञानाचं मनापासून वेड आहे असा जोडीदार हवा आहे, मग त्याची नोकरी आयटीतली असो वा नसो. वय २९, काम एम्बेडेड क्षेत्रातलं (यंत्रांच्या आत बसणारे छोटे संगणक), आणि नाशिक सोडायची इच्छा नाही. विवाह मंडळांकडून येणारी स्थळं 'मुलगा इंजिनीअर आहे, म्हणजे जमेल तुमचं' एवढ्याच आधारावर येतात. तर तीन प्रश्न. अशी माणसं इथे भेटतात कुठे? बायोडेटात आणि विवाहाच्या साइटवर काय लिहावं? आणि तासाभराच्या भेटीत आवड खरी आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

सातपूरचा_फिटर
पहिली दुरुस्ती साइटवरच्या गाळणीत करा. 'व्यवसाय: सॉफ्टवेअर' ही अट काढून टाका. तिच्यातून पगार गाळून येतो, आवड नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅनेल वायरिंग, पीएलसी आणि सीएनसी यंत्रं सांभाळणारे, ओझरला एचएएलमध्ये विमानांवर काम करणारे, आयटीआय किंवा डिप्लोमा केलेले कितीतरी जण या अटीमुळे तुम्हाला दिसतच नाहीत. 'शिक्षण: बीई आणि वर' या अटीचंही तेच.

त्याऐवजी 'माझ्याबद्दल' या मजकुरात शब्द शोधा: लिनक्स, आर्डुइनो, रास्पबेरी पाय, थ्रीडी प्रिंटर, हॅम रेडिओ, टेलिस्कोप, ड्रोन. हे शब्द रोमन आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत शोधा. लोक स्पेलिंग चुकवतात, म्हणून चुकीच्या स्पेलिंगनेही एकदा पाहा. जिल्ह्यांमध्ये नाशिकसोबत मुंबई, ठाणे, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर टाका. मूळचे इथले आणि घरून काम करणारे तिकडून सापडतात. 'सध्याचं गाव' आणि 'मूळ गाव' हे दोन रकाने वेगळे असतील तर मूळ गावावरून शोधणं जास्त फळतं.

मुक्ता_इंदिरानगर
वेदवती, साइटपेक्षा जास्त स्थळं मावशी, काकू आणि आईच्या मैत्रिणींकडून येतात, आणि तिथे 'पॅशन' हा शब्द पोचत नाही. त्यांना पाठ करता येतील अशी दोनच वाक्यं द्यायची: "मुलीला घरी वस्तू उघडून दुरुस्त करायची, नवीन बनवायची आवड आहे. मुलगा सुटीच्या दिवशी असंच काहीतरी करणारा हवा." यात हुद्दा नाही, पॅकेज नाही. मध्यस्थाला लगेच कोणीतरी आठवतो. 'अमक्यांचा मुलगा, सगळ्या सोसायटीचे मिक्सर दुरुस्त करतो' असं उत्तर आलं तर ते गांभीर्यानं घ्या.

बाग_आणि_बोर्ड
फिटरदादांच्या गाळणीत आणखी एक अट घाला, नव्हे काढा: 'शेतकरी मुलगा नको'. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात पाहा. बागेतल्या हवामान केंद्राचे आकडे रोज वाचून डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या ठरवणारी, ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडणारी, स्वतः बोर्ड जोडणारी मुलं तिथे आहेत. त्यांच्या बायोडेटावर मात्र फक्त 'शेती, १२ एकर' लिहिलेलं असतं.

आवड किती खोल आहे ते एका प्रश्नात कळतं: "मातीतल्या ओलाव्यासाठी कुठला सेन्सर वापरता?" दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त रेझिस्टिव्ह सेन्सर ओल्या मातीत सतत चालू ठेवला, तर विद्युत अपघटनानं काही आठवड्यांत गंजतो आणि आकडे भरकटतात. ज्यानं हे भोगलंय तो सांगेल की कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला, त्याच्या वरच्या बाजूचे भाग आणि कापलेल्या कडा इपॉक्सीनं बंद केल्या, आणि कोरड्या व पूर्ण भिजलेल्या आपल्याच मातीत त्याचं मापन जुळवून घेतलं. लोराबद्दल, म्हणजे कमी विजेवर दूरवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओबद्दल विचारा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, पण परदेशी ९१५ चं मॉड्यूल स्वस्त दिसलं म्हणून मागवलं की पंचाईत होते. असं बोलणारा माणूस आवडीचा आहे, त्याच्या पदवीचं काय करायचं?

सोनचाफा
बाग_आणि_बोर्ड यांना शंभर टक्के अनुमोदन. हा मुद्दा मंडळाच्या मेळाव्यात मोठ्यानं वाचून दाखवायला हवा.

गणित_गोडी
किती स्थळं पाहायची यावर गणितात एक नियम आहे. साधारण २० स्थळं येतील असं धरलं, तर पहिल्या सातांना होकार न देता नुसता अंदाज घ्यायचा. नंतर त्या सातांतल्या सर्वोत्तमापेक्षा सरस जो पहिला येईल त्याला हो म्हणायचं. सातच का, तर २० ला 'ई' या संख्येनं, म्हणजे २.७१८ नं भागलं की सातच्या वर थोडं येतं. ३७ टक्क्यांचा नियम तो हाच.

तिबेटी_घंटा
गणित_गोडी, नियम बरोबर आहे, पण त्याची गृहीतकं इथे बसत नाहीत. एकदा नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही असं तो धरतो. प्रत्यक्षात महिन्याभरानं पुन्हा फोन करता येतो. 'सर्वोत्तम मिळाला तरच यश' असंही तो धरतो, आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिळाला तर शून्य गुण देतो. एवढं करून यशाची शक्यताही ३७ टक्क्यांच्याच आसपास राहते. आणि सगळ्यात मोठी त्रुटी म्हणजे समोरचाही निवड करतोय, हे त्यात नाहीच.

दोन्ही बाजूंच्या निवडीचं गणित गेल आणि शॅपली यांनी १९६२ साली मांडलं. पुढे याच विषयातल्या कामासाठी शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या पद्धतीत एक बाजू आपल्या पसंतीक्रमानं विचारत जाते. दुसरी बाजू हाती आलेल्यांतला सर्वांत चांगला धरून ठेवते आणि आणखी चांगला आला तर बदलते. त्यातून सिद्ध होणारी गोष्ट अशी की स्थिर जोड्यांमध्ये शक्य तितका चांगला जोडीदार विचारणाऱ्या बाजूला मिळतो. धरून ठेवणाऱ्या बाजूच्या वाट्याला शक्य तितका कमी पसंतीचा येतो.

वेदवती, म्हणून 'मुलाकडून निरोप येऊ दे' ही रीत तुमच्या तोट्याची आहे. प्रोफाइल आवडलं तर पहिला निरोप तुम्ही पाठवा.

वेदवती_ना
तिबेटी_घंटा, हे आईला वाचून दाखवते. बायोडेटा व्हॉट्सॲपवर फिरतो त्याचं काय करावं? पत्ता, जन्मवेळ, फोन, सगळं त्यात असतं.

आडगाव_नाका
दोन बायोडेटा करा. पहिला फिरवण्यासाठी: नाव, जन्मवर्ष, शिक्षण, कामाचं क्षेत्र, आवडीबद्दल चार ओळी, संपर्कासाठी पालकांचा एक नंबर. त्यात घरचा पत्ता, कंपनीचं नाव, पूर्ण जन्मतारीख आणि जन्मवेळ नको. दुसरा, पूर्ण तपशिलाचा, एकदा फोनवर बोलणं झाल्यावरच. पत्रिका पाहायची असेल तर जन्मवेळ तेव्हा देता येते.

पीडीएफ पाठवण्याआधी तिचे गुणधर्म उघडून पाहा. तिथे कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव आणि मूळ फाइलचं नाव राहून जातं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका. तसा पाठवला तर कॅमेऱ्यानं नोंदवलेलं ठिकाण आणि वेळ सोबत जाते. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं. आलेल्या प्रोफाइलचा फोटो उलट शोधून बघा, दुसऱ्याच नावानं तोच चेहरा दिसला तर तिथेच थांबा.

आता महत्त्वाचं. तंत्रज्ञानाची आवड असलेल्यांना फसवायची पद्धत वेगळी असते. गोड बोलणं दोन-तीन आठवडे चालतं, मग 'मी स्वतः लिहिलेला ट्रेडिंग बॉट' किंवा क्रिप्टोचं ॲप पुढे येतं. सुरुवातीला थोडे पैसे परतही मिळतात, म्हणून विश्वास बसतो. मोठी रक्कम टाकली की ती काढण्यासाठी 'कर' मागतात. प्रत्यक्ष भेटीआधी पैशांचा विषय आला की बोलणं बंद करा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

सह्याद्री_सिग्नल
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'तुम्हाला टेक्नॉलॉजी आवडते का?' याला सगळे 'हो' म्हणतात. 'कुठला फोन वापरता?' यातून फक्त खरेदी कळते. त्याऐवजी विचारा: "कोणी न सांगता शेवटचं काय उघडलंत, आणि अडलं कुठे?" खरी आवड असलेला माणूस यश चटकन सांगून मोकळा होतो आणि अडलेल्या जागेवर रेंगाळतो. कुठला स्क्रू झिजला, कुठल्या पिनवर व्होल्टेज येत नव्हतं, किती वेळा चुकीचं निदान झालं. अडलेलं काहीच आठवत नसेल तर बहुधा व्हिडिओ पाहण्याची आवड आहे, करण्याची नाही.

पण सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे दोघांनी मिळून करायचं एक छोटं काम. माझी शिफारस: हवामान उपग्रहाचं चित्र पकडणं. सामान थोडं लागतं, दोन माणसं लागतात, आणि काम १०-१२ मिनिटांत आपोआप संपतं, त्यामुळे भेट लांबत नाही.

सामान: आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा रेडिओ), लॅपटॉप, ॲल्युमिनियमच्या दोन बारीक दांड्या, वायरी जोडायचा स्क्रूचा कनेक्टर, तीन-चार मीटर कोॲक्स केबल, एक लाकडी काठी. प्रत्येक दांडी ५३.४ सेंटिमीटर. दोन्हींमध्ये १२० अंशांचा कोन ठेवून आडवा 'व्ही' करायचा. केबलची मधली तार एका दांडीला, जाळी दुसरीला. 'व्ही'चं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवायचं, कारण हे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. रशियाचे मेटिओर-एम मालिकेतले उपग्रह १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवतात. सॅटडम्प हे मुक्त सॉफ्टवेअर ते उलगडतं. कुठल्याही उपग्रह-ॲपमध्ये वेळ पाहायची आणि क्षितिजापासून ४० अंशांच्या वर जाणारी फेरी निवडायची. जुन्या लेखांत एनओएए १५, १८, १९ यांची कृती सापडेल, पण ते उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, त्यांची वाट पाहत बसू नका.

बिघडतं काय? एक, गेन, म्हणजे संदेश मोठा करण्याचं प्रमाण, पूर्ण चढवला की शहरातल्या एफएम केंद्रांचा जोर डोंगलला बधिर करतो. गेन थोडा थोडा उतरवत आणायचा. दोन, लॅपटॉपचा चार्जर गोंगाट करतो, तो काढून बॅटरीवर चालवायचं. तीन, केबलची जाळी मधल्या तारेला टेकते आणि काहीच येत नाही. बिघाड होणारच, आणि बघायचं तेच. फेरी वाया गेल्यावर समोरचा माणूस चिडतो, तुमच्यावर ढकलतो, की कनेक्टर उघडून बघायला बसतो?

रानजाई
सह्याद्री_सिग्नल, कृती सुरेख आहे, पण अनोळखी माणसासोबत गच्चीवर? पहिल्या दोन भेटींत मुळीच नाही.

सह्याद्री_सिग्नल
बरोबर, जागा लिहायची राहिली. गोल्फ क्लब मैदान. आकाश मोकळं, सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची वर्दळ. सोबत भाऊ-बहीण किंवा मैत्रीण असेल तर काठी धरायला तिसरा हात मिळतो. ड्रोन मात्र पहिल्या भेटीत आणू नये. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनना उडवण्याचा परवाना लागत नाही, तरी बंदी असलेलं क्षेत्र सगळ्यांनाच लागू असतं. ओझरचं विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग लक्षात घेता डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय नाशकात काही उडवू नये.

पंचवटी_पायी
'भेटतात कुठे' यावर. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे आणि नाशकात याची परंपराही आहे. २०१५ च्या कुंभाआधी कुंभथॉन या उपक्रमात इथल्या विद्यार्थ्यांनी आणि मूळच्या नाशिकच्या रमेश रासकरांच्या एमआयटीतल्या चमूनं गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर एकत्र काम केलं होतं. तसंच, पण अगदी छोटं काम आजही करता येतं: ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर रामकुंड ते तपोवन हा पट्टा भरणं. पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं, घाटाच्या पायऱ्या, व्हीलचेअर जाईल असा उतार.

अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट हे त्या नकाशाचं ॲप टाका. ते प्रश्न विचारतं, आपण समोर पाहून उत्तर द्यायचं. चार-पाच जण, दोन-दोनच्या जोड्या, दोन तास. जुन्या पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो, म्हणून ठिकाण दहा-वीस मीटरनं सरकतं. तिथे जीपीएसवर विसंबू नका, कोपऱ्यावरच्या देवळापासून अंतर धरून बिंदू हातानं ठेवा. गूगल मॅप्सवरून नावं उतरवायची नाहीत, परवान्यात बसत नाही.

दोन तास बरोबर चाललं की कोण नळ खरंच उघडून पाहतो आणि कोण लांबूनच 'चालू' लिहितो, ते दिसतं.

रानजाई
ही कल्पना आवडली, पण एक अट. अशा गटाचा वधू-वर मेळावा करू नका. तंत्रज्ञानाच्या गटांमध्ये मुली आधीच कमी असतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिघांनी नंबर मागितला की तिसऱ्या आठवड्यात त्या येत नाहीत. मग कामही जातं आणि ओळखही. साधे नियम ठेवा: आयोजनात किमान दोन स्त्रिया, वेळ दिवसाची, पहिल्या तीन भेटींत खासगी नंबर मागायचा नाही, गटातला नंबर उचलून वेगळा निरोप पाठवायचा नाही. विचारायचं असेल तर एकदाच, समोर, स्पष्ट. 'नाही' आलं तर पुढच्या रविवारी काम पूर्वीसारखं सुरू.

पंचवटी_पायी
रानजाई, मान्य. हे नियम गटाच्या पहिल्याच निरोपात टाकू.

व्हीयू_वाट
हॅम रेडिओचाही, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओचाही विचार करा. परवान्याची परीक्षा दूरसंचार खात्याची असते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स आहे. रिस्ट्रिक्टेडची कॉल साइन (रेडिओवरची ओळख) व्हीयू३ नं सुरू होते, जनरलची व्हीयू२ नं. वय १२ पासून देता येते. दोघांनी मिळून अभ्यास करण्याजोगी ही परीक्षा आहे, आणि तीन-चार महिने एका विषयाला चिकटून राहणं जमतं का तेही त्यात कळतं.

दोन_टेबलं
थोडं वेगळं मत मांडतो. दोघांची आवड अगदी एकाच गोष्टीत असेल तर एकमेकांचं काम तपासण्यात वेळ जातो. एकाला हार्डवेअर, दुसऱ्याला सॉफ्टवेअर, असं असेल तर एकाचं काम दुसऱ्याशिवाय अडतं आणि गप्पा संपत नाहीत. तेव्हा 'मला जे आवडतं तेच' अशी अट न ठेवता 'कशाततरी खोल उतरलेला' एवढंच बघा.

आणि होकाराआधी घराचं बोलून घ्या. प्रेमाच्या भरात हे राहतं आणि मग टू-बीएचकेत भांडण होतं. किती टेबलं? आवडीवर महिन्याला किती खर्च, आणि तो विचारून की न विचारता? जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवायचा असेल तर ६० वॉट धरून महिन्याला ४३ युनिट होतात. तेच काम पाच वॉटच्या छोट्या बोर्डवर सुमारे साडेतीन युनिटांत होतं. सोल्डरिंग कुठे करणार? शिशाची तार असेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही, काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे, आणि फ्लक्सचा धूर खिडकीबाहेर ओढणारा पंखा हवा. पुढे मूल रांगायला लागलं की टेबलाखाली पडलेले शिशाचे थेंब कोण उचलणार, तेही आत्ताच ठरवा.

पासवर्ड: प्रत्येकाचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर, आणि वीजबिल, वायफाय, विमा यांच्यासाठी एक सामाईक तिजोरी. 'विश्वास असेल तर फोनचा पासवर्ड दे' म्हणणाऱ्याला सुरक्षिततेतलं काही कळत नाही, आणि माणसातलंही.

सोनचाफा
शेवटच्या वाक्यासाठी टाळ्या.

वेदवती_ना
सगळ्यांचे मनापासून आभार. 'छंद' काढून ही चार वाक्यं लिहिली आहेत, तपासा: "सुटीच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सचं काम करते. सध्या घरच्या पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारं यंत्र बनवतेय, अल्ट्रासोनिक सेन्सर वाफेमुळे चुकीचे आकडे देतोय, तिथे अडलंय. कशाततरी असाच खोल उतरलेला जोडीदार हवा, क्षेत्र कुठलंही चालेल. नाशकातच राहायचं आहे."

मुक्ता_इंदिरानगर
उत्तम. 'अडलंय' हा शब्द काढू नकोस, योग्य माणूस तिथूनच बोलायला सुरुवात करेल. आईच्या मैत्रिणींसाठी मात्र वर दिलेलं दोन वाक्यांचं रूप वेगळं ठेव.

बाग_आणि_बोर्ड
वाफेपेक्षा सेन्सरच्या तोंडावर साचणारे थेंब जास्त त्रास देतात. उघडा एचसी-एसआर०४ असेल तर तो बदलून सीलबंद जेएसएन-एसआर०४टी लावा, आणि टाकी पूर्ण भरली तरी पाणी त्याच्यापासून २५ सेंटिमीटर खाली राहील इतका वर बसवा. त्याहून जवळचं त्याला दिसत नाही.

वेदवती_ना
बाग_आणि_बोर्ड, एचसी-एसआर०४च आहे! उद्याच बदलते. लोराबद्दलही विचारायचं आहे, गच्चीवरून खाली तीन मजले संदेश पोचत नाही.

बाग_आणि_बोर्ड
अँटेना उभा आहे की आडवा? दोन्ही टोकांना एकाच दिशेनं हवा. आणि लोराच्या सेटिंगमधला स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर असेल तर १० करून बघा. संदेश सावकाश जाईल, पण पोचेल.

पंचवटी_पायी
नकाशाचा पहिला रविवार ठरवू या. सकाळी ७ वाजता, रामकुंड, गांधी तलावाच्या बाजूला. रानजाईताई आणि मुक्ताताई आयोजनात. फोन पूर्ण चार्ज करून, स्ट्रीटकंप्लीट आधीच टाकून या. त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, घाटावर गर्दी झाली की नेट रेंगाळतं.

वेदवती_ना
मी येते. पॉवर बँक आणते, दोन केबल्ससह.

बाग_आणि_बोर्ड
निफाडहून साडेसहापर्यंत पोचतो. मोजायचा टेप आणतोय, पन्नास मीटरचा.